एकट्याचं गणित, शिबिरातलं गणित

कुंभकोणममध्ये सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावर एक लहानसं कौलारू घर आहे. श्रीनिवास रामानुजन यांचं बालपण इथं गेलं. जवळच्या टाउन हायस्कूलमध्ये ते शिकले आणि 1903 च्या सुमारास कार नावाच्या लेखकाचा एक ग्रंथ त्यांच्या हाती लागला. त्यात हजारो सूत्रं होती, सिद्धता मात्र बहुतेक नव्हत्याच. त्या ते पाटीवर स्वतःच शोधत बसले. बरोबर चर्चा करायला त्या तोडीचं कुणी नव्हतं.

आजच्या गणितवेड्या मुलांना अशी सोबत निवासी शिबिरात मिळते.

प्रादेशिक आणि राष्ट्रीय गणित ऑलिंपियाडची चाळणी पार केलेली शाळकरी मुलं उन्हाळ्याच्या सुटीत एकत्र राहतात. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात अनेक वर्षं हे शिबिर भरत असे. या शिबिरातूनच आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी सहाजणांचा संघ निवडला जातो. तिथं दोन दिवस, रोज साडेचार तास आणि अवघी तीन गणितं!

प्रश्न दिसायला साधे असू शकतात. समारंभात ज्यांनी विषम वेळा हस्तांदोलन केलं, त्यांची संख्या नेहमी समच का येते? प्रत्येक हस्तांदोलन दोघांच्या खात्यात मोजलं जातं, म्हणून एकूण बेरीज सम. एवढं सुचलं की उत्तर हाती येतं.

रामानुजन 32 व्या वर्षी गेले. म्हणूनच 2005 पासून कुंभकोणममध्ये तरुण गणितज्ञांना दिल्या जाणाऱ्या ‘शास्त्र रामानुजन पुरस्कारा’ची वयोमर्यादाही 32 वर्षंच आहे.