वेस्ट पॉइंट लष्करी प्रबोधिनीतील स्त्री-छात्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी वेस्ट पॉइंट येथे १८०२ मध्ये स्थापन झालेली लष्करी प्रबोधिनी १९७६ पर्यंत केवळ पुरुषांसाठी होती. चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या छात्रास येथून भूसेनेत सेकंड लेफ्टनंटचे पद मिळते.

सक्तीची सैन्यभरती १९७३ मध्ये थांबल्यावर सैन्यास स्त्रियांची गरज वाढली आणि प्रबोधिन्यांची दारे त्यांना बंद का, हा प्रश्न काँग्रेसपुढे आला. प्रबोधिनी लढाऊ अधिकारी घडविते व स्त्रियांना लढाऊ कामगिरीची मनाई आहे, हा विरोधकांचा मुख्य युक्तिवाद. तथापि येथील अनेक पुरुष पदवीधरही लढाऊ शाखांबाहेर सेवा करीत असल्याने तो टिकणारा नव्हता. राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी ७ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रवेशाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. शारीरिक भेदांमुळे अपरिहार्य ठरतील तेवढेच फेरफार वगळता निकष समान राहावेत, असे त्यात म्हटले होते.

पहिल्या ११९ स्त्रिया ७ जुलै १९७६ रोजी दाखल झाल्या. छात्रांची एकूण संख्या चार हजारांहून अधिक होती. नवागतांना ज्येष्ठ छात्रांच्या धाकात वर्षभर काढावे लागे. ताठ बसून जेवणे, मागतील तेव्हा पाठांतर म्हणून दाखविणे, प्रत्येक ज्येष्ठास अभिवादन करणे हा नित्यक्रम सर्वांनाच चुकत नसे. स्त्रियांच्या बाबतीत मात्र त्या अभिवादनास कित्येकदा शिवीनेच उत्तर मिळे. पुरुष नवागताचा छळ त्यास आपल्यात सामावून घेण्यासाठी असे. स्त्रीचा छळ तिने निघून जावे यासाठी होई. हा फरक त्या वर्षांच्या अनुभवाचा गाभा होय. वरच्या वर्गांत एकही स्त्री नसल्याने आधार मागावा असे कोणी नव्हते.

लांब पल्ल्याच्या धावण्यात मागे पडणे हे येथे दुबळेपणाचे लक्षण समजले जाई. त्यात स्त्रियांना पायांच्या दुखापती अधिक प्रमाणात होत. मुष्टियुद्धाऐवजी त्यांना स्वसंरक्षणाचे शिक्षण दिले गेले. अशा सवलती त्यांनी मागितल्या नव्हत्या. पण त्यांबद्दलचा रोष त्यांच्यावरच निघे. (मुष्टियुद्ध स्त्रियांनाही सक्तीचे झाले ते २०१६ मध्ये.) संचलनाच्या गणवेशातील कोटाची मागील लोंबती टोके स्त्रियांच्या कोटास प्रारंभी ठेवलीच नव्हती. परिणामी एकसारखेपणासाठी प्रसिद्ध असलेल्या रांगांत त्या दुरूनही वेगळ्या दिसत. टोके पुढे जोडण्यात आली.

या तुकडीतील ६२ स्त्रिया २८ मे १९८० रोजी पदवीधर झाल्या. त्यांपैकी अँड्रिया हॉलन ही पदवी स्वीकारणारी पहिली स्त्री; तिला ऱ्होड्स शिष्यवृत्तीही मिळाली. त्याच वर्षी नाविक प्रबोधिनीतून ८१ पैकी ५५ आणि वायुसेना प्रबोधिनीतून १५७ पैकी ९७ स्त्रिया उत्तीर्ण झाल्या. क्रिस्टिन बेकर १९८९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या छात्रदलाची प्रमुख झाली. पायदळ व रणगाडादलासह सर्व लढाऊ पदे स्त्रियांना खुली करण्याचा निर्णय मात्र डिसेंबर २०१५ मध्ये झाला. तोवर तेच प्रशिक्षण घेऊनही त्यांना शाखा निवडताना मर्यादा पडत. प्रवेशाने छळ संपला, असेही नाही. तिन्ही प्रबोधिन्यांत लैंगिक सतावणूक सर्रास असल्याचे काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९४ मध्ये नमूद केले. वायुसेना प्रबोधिनीतील अत्याचारांच्या तक्रारी २००३ मध्ये उघडकीस आल्यावर तेथील वरिष्ठ अधिकारी बदलण्यात आले.

भारतात पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशाने उघडले. ऑगस्ट २०२२ मध्ये १९ मुली दाखल झाल्या. त्यांतील १७ जणींचे दीक्षान्त संचलन ३० मे २०२५ रोजी झाले.