तार कोणाच्या हाती?

१९९१ साली युगोस्लाव्हिया फुटला, युद्ध पेटले आणि झाग्रेब व बेलग्रेड या शहरांमधील दूरध्वनी तोडण्यात आले. दोन्हीकडच्या सत्ताधाऱ्यांची दूरचित्रवाणी मात्र चालूच होती. पलीकडचा माणूस कसा आहे, हे लोकांना तीच सांगे. सामान्य माणसांनी परस्परांशी बोलणे कोणत्याच सत्तेला परवडत नाही, हेच यातले मर्म.

दोन्ही शहरांतील युद्धविरोधी गटांनी १९९२ मध्ये यातून वाट काढली. झाग्रेबहून बेलग्रेडला फोन लागत नव्हता, पण परदेशी लागत होता. तेव्हा दोन्हीकडे एकेक संगणक बसवून, जर्मनीतील बीलेफेल्ड शहरातल्या संगणकामार्फत त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला. या जाळ्याचे नाव ‘झामीर’, म्हणजे ‘शांततेसाठी’. पुढे वेढ्यात अडकलेले सारायेव्होही त्याला जोडले गेले.

याचे तंत्र गरिबाला परवडणारे होते. फोनवर बोलायचे तर दोन्ही टोके एकाच वेळी जोडलेली लागतात आणि मिनिटामिनिटाला पैसे पडतात. येथे मजकूर आधी सावकाश लिहून ठेवायचा, संगणकाकडून तो आटवून लहान करून घ्यायचा, रात्री दर उतरले की मोडेमने फोन जोडून सारा गठ्ठा एकदम पाठवायचा, आलेला गठ्ठा घ्यायचा आणि फोन ठेवून द्यायचा. मधला संगणक टपाल कचेरीसारखा. पत्र सांभाळतो, पुढची ओळ मिळाली की रवाना करतो. आजची तार खराब असली, तर उद्या पुन्हा प्रयत्न.

हे एकाएकी उपजलेले नव्हते. लंडनचे ‘ग्रीननेट’ आणि अमेरिकेतील ‘पीसनेट’ व ‘इकोनेट’ १९८७ मध्येच अटलांटिकपलीकडे मजकुराची देवघेव करू लागले होते. १९९० मध्ये ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि निकाराग्वा येथील सात जाळ्यांनी मिळून ‘असोसिएशन फॉर प्रोग्रेसिव्ह कम्युनिकेशन्स’ स्थापन केली. ना-नफा म्हणजे फुकट नव्हे, वर्गणी होतीच. फक्त तिच्यातून भागधारकांना लाभांश वाटायचा नव्हता, आणि प्रत्येक देशातील जाळे त्या देशातील लोकांच्या ताब्यात राहायचे होते.

ब्राझीलचे उदाहरण मला विशेष वाटते. हर्बर्ट द सूझा हे समाजशास्त्रज्ञ लष्करी राजवटीमुळे परागंदा झाले होते. १९७९ मध्ये ते मायदेशी परतले आणि सहकाऱ्यांसह त्यांनी ‘इबासे’ ही संस्था उभारली. सरकारी आकडेवारी सामान्यांच्या हाती देणे हे तिचे काम. तिनेच ‘आल्टरनेक्स’ हे जाळे काढले, आणि १९९२ च्या रिओ येथील वसुंधरा परिषदेत जे घडत होते ते देशोदेशीच्या गटांना त्याच दिवशी कळू लागले.

पण भाबडेपणाही नको. या जाळ्यांवर बोलणे मुख्यतः इंग्रजीत चाले. त्या वेळच्या संदेशयंत्रणेला रोमन वर्णमालेपलीकडची अक्षरे धड पेलत नसत. क्रोएशियन अक्षरांवरची चिन्हेसुद्धा गळून पडत, मग देवनागरीची काय कथा! ज्याच्यापाशी फोन, संगणक आणि इंग्रजी तिन्ही होती, तोच ‘नागरिक’ म्हणून बोलू शके.

पुढे १९९५ च्या सुमारास व्यापारी कंपन्या हीच सेवा विकू लागल्या, तेव्हा वर्गणीवर तगलेली काही जाळी विकली गेली, काही बंद पडली. ती संघटना आजही आहे. जिथे कंपन्या तार नेत नाहीत, तिथे गावकऱ्यांनी स्वतः उभारलेल्या जाळ्यांना ती साहाय्य करते.