कर्नाळ्याची पायवाट : अभयारण्यात फिरताना काय जपायचं, आणि का?

हिवाळा लागला की पनवेल, तळोजा, मुंब्रा, कल्याणकडच्या आपल्या घरांत रविवारच्या सहलीची चर्चा सुरू होते. मुलांना डोंगर हवा असतो, बायकांना मोकळी हवा आणि मोठ्यांना जवळचं ठिकाण. मग कुणीतरी कर्नाळ्याचं नाव काढतं. पनवेलपासून मुंबई-गोवा महामार्गावर थोडंसंच पुढे गेलं की अंगठ्यासारखा उभा सुळका दिसतो. तोच कर्नाळा किल्ला, आणि त्याच्या पायथ्याचं जंगल म्हणजे कर्नाळा पक्षी अभयारण्य.

काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच चौदा जण गेलो होतो. सोबत बिर्याणीचं मोठं पातेलं, चटया आणि एक स्पीकर. गेटवर वनरक्षकांनी स्पीकर गाडीत ठेवायला लावला आणि प्लास्टिकच्या बाटल्या मोजून घेतल्या. आमची तरुण पोरं कुरकुरली, "फिरायला आलोय की परीक्षेला?" दुपारपर्यंत त्यांना उत्तर मिळालं. ते पुढे सांगतो. आधी हे नियम कशासाठी आहेत ते समजून घेऊ.

बाग आणि अभयारण्य यांत फरक काय?

बाग माणसांसाठी असते. अभयारण्य प्राण्या-पक्ष्यांसाठी असतं, तिथे आपण पाहुणे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात जायला परवानगी लागते. आपण गेटवर तिकीट काढतो, तीच ही परवानगी. तिथे प्राण्यांना छेडणं, कचरा टाकणं, आग लावणं हे सगळं कायद्याने मना आहे. म्हणजे "दोन दगड मांडून चहा करू" हेसुद्धा चालत नाही. डिसेंबरनंतर कोकणातलं गवत आणि पाचोळा इतका वाळतो की एक ठिणगी पुरते.

कर्नाळा १९६८ साली अभयारण्य झालं. त्याचं क्षेत्र आहे सुमारे १२ चौरस किलोमीटर. म्हणजे साडेतीन किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद तुकडा. त्यातूनही महामार्ग जातो. एवढ्याशा जागेत शेकडो पक्षी आणि सुट्टीच्या दिवशी माणसांची गर्दी. म्हणून इथे प्रत्येक पाऊल मोजून टाकावं लागतं.

वाट सोडू नका, असं का म्हणतात?

किल्ल्याच्या वाटेशिवाय इथे हरियाल आणि मोरटाका नावाच्या दोन निसर्गवाटा आहेत. हरियाल हा आपल्या राज्याचा पक्षी, हिरवट-पिवळा रानकबुतरासारखा. लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर किल्ल्यापेक्षा या वाटा बऱ्या.

वळणावर "इकडून लवकर पोचू" म्हणून लोक आडवाट काढतात. एकाच्या मागे दहा जातात. पाचोळा चिरडला जातो, खालची माती दबून टणक होते. पावसाळ्यात पाणी त्या मातीत मुरत नाही, वरून धावतं. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ पडते आणि झाडांची मुळं उघडी पडतात. आपले पाच मिनिटं वाचतात, पण डोंगराची माती जाते ती परत येत नाही.

दुसरं कारण पक्ष्यांचं. तिबोटी खंड्या नावाचा चिमणीएवढा, रंगीबेरंगी पक्षी पावसाच्या सुरुवातीला इथे येतो. तो झाडावर घरटं बांधत नाही. ओढ्याकाठच्या, वाटेकडेच्या मातीच्या दरडीत बीळ खणून अंडी घालतो. आपण त्या दरडीला टेकून फोटो काढत बसलो तर चोचीत खाणं घेतलेले आई-बाप लांब फांदीवर थांबून राहतात आणि आत पिल्लं उपाशी. आपल्याला यातलं काही कळतही नाही.

अत्तर, सेंट आणि आग्या मोहोळ

आता आमच्या दुपारची गोष्ट. किल्ल्याच्या सुळक्यावर कपारींना आग्या मोहोळं लटकलेली असतात. ही मधमाशी मोठी आणि तापट. धूर, दगड, आरडाओरडा आणि उग्र वास यांनी ती बिथरते. आमच्यातल्या एका पोराने फोटोआधी खिशातून सेंट काढून भरपूर फवारला. थोड्याच वेळात डोक्यावर घोंघाट सुरू झाला. सोबतच्या गावकऱ्याने ओरडून सांगितलं, "हात हलवू नका, तोंड झाका, खाली चला!" खालाने ओढणीत दोन लहानग्यांना गुंडाळलं. तिघांना दंश झाले. एका मुलाचा ओठ इतका सुजला की सगळे घाबरून गेलो. दवाखान्यात वेळेत पोचलो, निभावलं. परत येताना स्पीकरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा. डोंगरावर जाताना अत्तर-सेंट लावू नका. सिगारेट, अगरबत्ती पेटवू नका. माश्या आल्याच तर चेहरा आणि डोकं कापडाने झाकून लांब निघा, गाडीत किंवा बंद खोलीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात. एका माशीच्या दंशाचा वास बाकीच्यांना बोलावतो, म्हणून लांब गेल्यावर नांगी लगेच काढून टाका. श्वास लागला, ओठ किंवा गळा सुजला तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा.

घरच्यांना घेऊन जाताना

किल्ल्याचा चढ दीड-दोन तासांचा आहे आणि शेवटी पायऱ्या, खडक लागतात. चपलांऐवजी पकड असलेले बूट घाला. बुरखा किंवा अबाया घालत असाल तर घोट्याच्या वर राहील असा घाला, घोळ पायात आला की उतरताना तोल जातो. सकाळी लवकर निघा. पक्षीही तेव्हाच दिसतात आणि ऊनही लागत नाही. प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्या. खाणं घरून कोरडं न्या आणि साली, हाडं, पाकिटं सगळं परत आणा. माकडांना काही देऊ नका. एकदा चटक लागली की पुढच्या कुटुंबाच्या मुलांच्या हातातून ती हिसकावतात. सुळक्यावर चढायचा प्रयत्न करू नका, ते दोरखंडवाल्या गिर्यारोहकांचं काम आहे. निघण्याआधी वनविभागाकडून त्या दिवशीची वेळ विचारून घ्या.

वर गेल्यावर मुलांना दोन गोष्टी दाखवा : सुळक्याच्या पोटात खोदलेली पाण्याची टाकी, आणि किल्ल्यावरचे शिलालेख. एक मराठी आहे, एक फारसी.

सलीम अलींची आठवण

पक्ष्यांचा विषय निघाला की डॉ. सलीम अलींचं नाव घ्यावंच लागतं. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला, मामांच्या घरी वाढला. छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्या एका प्रश्नातून देशाला सर्वांत मोठा पक्षीतज्ज्ञ मिळाला. पुढे बेकारीच्या दिवसांत ते पत्नी तहमीना यांच्यासोबत आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या किहीमला राहिले. तिथे १९३० मध्ये त्यांनी सुगरण पक्ष्याची घरटी तासन् तास न्याहाळली. नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन तपासते आणि पसंत पडलं तरच संसार मांडते, हे त्यांनी नोंदवलं. त्यासाठी त्यांनी फारसं काही केलं नाही. शिडीवर, आडोशाला, न बोलता बसून राहिले.

आज ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या आठवड्यात मुलांना एकदा कर्नाळ्याला न्या. एक वही-पेन्सिल द्या. दहा मिनिटं गप्प बसायला सांगा आणि किती वेगवेगळे आवाज ऐकू आले ते लिहायला लावा. आम्ही दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा हेच केलं. ज्याचा ओठ सुजला होता, त्याच पोराने अकरा आवाज लिहिले. बाराव्याच्या पुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते कशाचं, हे विचारायला तो अजून आमच्या मागे लागलेला आहे.