हिंसेचा खेळ आणि बाजार

२००२ साली अमेरिकी लष्कराने सैन्यभरतीला हातभार म्हणून ‘अमेरिकाज आर्मी’ हा व्हिडिओ गेम विनामूल्य उपलब्ध करून दिला. त्यातील मेख अशी, की दोन्ही संघांना आपापल्या पडद्यावर आपणच अमेरिकी सैनिक दिसत. शत्रू नेहमी समोरचा!

२०१२ सालच्या ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ने हा भ्रम फोडला. दुबईत शिरलेला अमेरिकी कप्तान आपल्याच देशाच्या पलटणीवर पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करतो. पुढे सरकल्यावर होरपळलेली मायलेकरे दिसतात. कळ दाबणारा हात अर्थातच खेळणाऱ्याचा. हा खेळ घडविला तो बर्लिनच्या कारागिरांनी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र खर्चाची बाजू पाहावी. पहिल्या खेळाचा भार अमेरिकी करदात्याने वाहिला. दुसऱ्याला दुकानात गिऱ्हाईक शोधावे लागले, आणि तो अपेक्षेइतका खपला नाही.