डिझेल पिकअप वाहनातील शीतक-गळतीचा शोध : पेण व रोहा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा
डिझेल इंजिनातील शीतक द्रवाची, म्हणजे चालकांच्या नित्य बोलण्यातील 'कूलंट'ची, गळती हा वरकरणी किरकोळ वाटणारा परंतु इंजिन निकामी करू शकणारा दोष आहे. प्रस्तुत लेखात या दोषामागील भौतिक व रासायनिक कारणे, गळतीचे प्रकार व तिच्या शोधाची क्रमवार पद्धती यांचे विवेचन केले आहे. पेण व रोहा तालुक्यांतील रस्ते, पर्जन्यमान व पाणी यांचा या दोषाशी असलेला संबंधही येथे तपासला आहे.

सूचक शब्द : शीतक, गळती, दाब-चाचणी, हेड गॅस्केट, खारेपाट.

प्रस्तावना
रायगड जिल्ह्यातील पेण हे गणेशमूर्तींच्या निर्मितीसाठी, तर रोहा हे कुंडलिका नदीकाठची भातशेती व धाटाव येथील रासायनिक औद्योगिक वसाहत यांसाठी ओळखले जाते. मूर्ती, मासळी, भाजीपाला व बांधकामाचे साहित्य यांची जवळपासची वाहतूक मोठ्या प्रमाणावर डिझेल पिकअप वाहनांतून होते. अनेकदा चालक हाच वाहनाचा मालक असतो आणि वाहन कर्जाऊ घेतलेले असते. गणेशोत्सवापूर्वीच्या आठवड्यांत वाहन बंद पडले, तर वर्षातील महत्त्वाची कमाई हातची जाते.

'गाडी पाणी खाते' ही तक्रार गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. तिच्यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे रेडिएटरमध्ये पुन्हा पाणी भरणे. तथापि शीतकरण व्यवस्था ही बंदिस्त व्यवस्था आहे. सुस्थितीतील व्यवस्थेत शीतकाची पातळी वारंवार खाली जाण्याचे कारण नसते. म्हणून पातळीतील प्रत्येक घट हा दोषाचा पुरावा मानला पाहिजे. पाणी भरल्याने तो पुरावा झाकला जातो आणि दोष वाढत राहतो.

शीतकरण व्यवस्थेचे कार्य
इंधनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो, साधारण तेवढाच धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेल्यातील बराचसा भाग शीतकाला वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप शीतकाला इंजिनच्या ब्लॉकमधून व हेडमधून फिरवतो. थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला उघडल्यावर शीतक रेडिएटरकडे जाते व तेथे थंड होऊन परतते.

या व्यवस्थेत दाबाला विशेष महत्त्व आहे. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग सामान्यतः सुमारे १ बार इतका अतिरिक्त दाब टिकवून धरते. त्यामुळे एरवी १०० अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूप राहते. त्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळल्यास ही मर्यादा आणखी वाढते. याचाच अर्थ असा की, झाकणाची स्प्रिंग किंवा रबरी वॉशर निकामी झाल्यास कोठेही छिद्र नसताना शीतक उकळून बाहेर पडते. झाकणाची तपासणी ही शोधाची पहिली पायरी ठरते, ती यामुळे.

गळतीचे प्रकार
गळतीचे बाह्य व आंतरिक असे दोन प्रकार करता येतात. बाह्य गळती होज पाइप व त्यांच्या क्लिपा, रेडिएटरचा कोअर, प्लॅस्टिक टाकीचा जोड, वॉटर पंप, हीटर आणि ब्लॉकवरील पत्र्याची बुचे येथे आढळते. वॉटर पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. त्यातून शीतक ठिबकू लागले, तर पंपाचे सील झिजले असे समजावे. हे छिद्र बुजवणे म्हणजे इशारा बंद करून दोष कायम ठेवणे होय.

आंतरिक गळतीत शीतक जमिनीवर पडत नाही. हेड गॅस्केट जळाल्यास किंवा हेडला तडा गेल्यास ते सिलिंडरमध्ये किंवा इंजिन ऑइलमध्ये शिरते. भारत स्टेज ४ व त्यापुढील अनेक डिझेल वाहनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर कूलर असतो. तो आतून फुटला तरी शीतक धुराबरोबर निघून जाते. काही डिझेल इंजिनांत लायनरच्या बाहेरील बाजूस शीतक थेट भिडलेले असते. लायनरच्या कंपनामुळे तेथे बाष्पाचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात व धातूला खड्डे पाडतात. योग्य शीतकातील रसायने या झिजेला अटकाव करतात. साध्या पाण्यात हा गुण नसतो.

शोधाची क्रमवार पद्धती
शोध नेहमी सोप्याकडून अवघडाकडे व बाहेरून आत असा व्हावा. प्रारंभी इंजिन पूर्ण थंड असावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाब एकाएकी नाहीसा होऊन शंभर अंशांहून अधिक तापलेले पाणी उसळते व गंभीर भाजण्याचा धोका संभवतो.

पहिली पायरी निरीक्षणाची. इंजिन धुऊन कोरडे केल्यावरच खुणा विश्वसनीय ठरतात. शीतक वाळल्यावर पांढरट किंवा त्याच्या मूळ रंगाचा थर मागे राहतो आणि जुनी, बारीक गळती या थरावरून ओळखता येते. वातानुकूलन यंत्रातून पडणारे स्वच्छ पाणी व रंगीत, बुळबुळीत, गोडसर वासाचे शीतक यांतील फरक ध्यानात घ्यावा.

दुसरी पायरी दाब-चाचणीची. झाकणाच्या जागी दाबमापक असलेला हातपंप बसवून झाकणावर नोंदवलेल्या मर्यादेपर्यंत दाब द्यावा व सुमारे १५ मिनिटे काटा पाहावा. इंजिन थंड असल्याने गळणारे थेंब वाफ होऊन नाहीसे होत नाहीत, हा या चाचणीचा मोठा लाभ. झाकणाचीही याच पंपाने स्वतंत्र परीक्षा करता येते. जागा सापडत नसल्यास शीतकात चमकणारा रंग मिसळून वाहन काही काळ चालवावे व अतिनील दिव्याच्या प्रकाशात पाहावे.

काटा खाली येतो, परंतु बाहेर कोठेही ओल नाही, अशा वेळी तिसरी पायरी, म्हणजे आंतरिक गळतीची तपासणी, आवश्यक ठरते. येथे दाबांची तुलना उद्बोधक आहे. डिझेल इंजिनात संपीडनाच्या शेवटी सिलिंडरमधील दाब साधारण ३० बारच्या घरात व ज्वलनाच्या वेळी त्याहून पुष्कळ अधिक असतो, तर शीतकाचा दाब जेमतेम १ बार. त्यामुळे गॅस्केट फुटलेले असल्यास इंजिन चालू असताना ज्वलनवायू शीतकात घुसतात. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात व होज पाइप लवकरच दगडासारखे कडक होतात. इंजिन बंद झाल्यावर प्रवाह उलटतो. शीतक सिलिंडरमध्ये झिरपते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला दाट पांढरा धूर दिसतो. सिलिंडरमध्ये शीतक अधिक साचल्यास ते दाबले जात नाही व कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी शंका असल्यास स्टार्टर मारू नये.

शीतकावरील हवा विशिष्ट निळ्या द्रावणातून ओढून घेण्याची चाचणीही उपलब्ध आहे. ज्वलनवायूंतील कार्बन डायऑक्साइडमुळे द्रावणाचा रंग बदलतो. ऑइलची पट्टी दुधाळ चहासारखी दिसणे हेही आंतरिक गळतीचे लक्षण होय. मात्र पावसाळ्यात केवळ जवळच्या फेऱ्या करणाऱ्या वाहनाच्या ऑइल झाकणाखाली आर्द्रतेमुळेही पांढरट साय जमते. केवळ तेवढ्यावरून हेड उतरवण्याचा खर्चिक निर्णय घेऊ नये.

स्थानिक परिस्थितीचा प्रभाव
या परिसरात गळतीस पोषक अशी तीन कारणे आढळतात. पहिले कारण रस्ते. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले व दीर्घकाळ रेंगाळले. खड्ड्यांतील हादऱ्यांनी क्लिपा सैल होतात व रेडिएटरच्या जोडांवर ताण येतो. दुसरे कारण चढ. वडखळच्या सपाटीवर न दिसणारी गळती भरलेल्या वाहनाने सुकेळी खिंड, भिसे खिंड किंवा खोपोलीपुढील बोरघाट चढताना प्रकट होते, कारण भार वाढताच तापमान व दाब दोन्ही वाढतात. म्हणून गळती कोठे व कोणत्या भाराखाली होते, हे चालकाला विचारणे हा तपासाचाच भाग होय.

तिसरे कारण पाणी. पेण तालुक्याच्या खाडीलगतच्या खारेपाट पट्ट्यात गोड्या पाण्याची टंचाई जुनी आहे. तेथील मचूळ पाणी रेडिएटरमध्ये भरले गेल्यास त्यातील क्लोराइड ॲल्युमिनियमला टोचल्यासारखी बारीक छिद्रे पाडतात. कठीण पाण्यातील क्षारांचा थर नळ्या अरुंद करतो. ज्या पाण्याने गळती भरून काढली, तेच पाणी नव्या गळतीचे कारण होते. कोकणात शीतक गोठण्याचा प्रश्न नसल्याने ते अनावश्यक आहे, असा समज आढळतो. परंतु येथे त्याचे मुख्य काम गंज रोखणे व उत्कलनबिंदू वाढवणे हे आहे.

तात्पुरते उपाय व त्यांची मर्यादा
रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय चालकांत परिचित आहे. हळदीचे कण बारीक छिद्रात अडकून गळती काही काळ थांबते, परंतु तेच कण रेडिएटरच्या व हीटरच्या अरुंद नळ्याही बुजवतात. वाहन जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरताच तो क्षम्य आहे. तापमानाचा काटा वर गेल्यास वाहन थांबवणे हाच सुरक्षित मार्ग होय. शीतकाची पातळी फार खाली गेल्यास तापमापकाचा संवेदक द्रवाबाहेर राहून काटा चुकीचा खाली दिसू शकतो, हेही लक्षात ठेवावे. काढलेले शीतक विषारी असल्याने ते ओढ्यात किंवा गुरे पाणी पितात अशा जागी ओतू नये.

निष्कर्ष
१. शीतकाची पातळी वारंवार घटणे हे स्वतंत्र लक्षण असून पाणी भरणे हा त्यावरील उपचार नव्हे.
२. झाकण, बाह्य निरीक्षण, दाब-चाचणी व आंतरिक चाचणी हा क्रम पाळल्यास अनावश्यक सुटे भाग बदलण्याचा खर्च टळतो.
३. पेण व रोहा परिसरात खड्डे, चढ व मचूळ पाणी यांचा विचार तपासात अंतर्भूत असावा.
४. खारेपाटात ये-जा करणाऱ्या वाहनात योग्य प्रमाणात मिसळलेल्या शीतकाचा एक डबा बाळगणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय ठरतो.

एका सैल क्लिपची किंमत अल्प असते. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास हेडचे फेसिंग, नवे गॅस्केट व ऐन हंगामातील बुडालेले दिवस अशी ती वसूल होते. पुराव्याच्या आधारे कारणापर्यंत पोहोचण्याची ही शिस्त प्रयोगशाळेइतकीच गॅरेजमध्येही आवश्यक आहे.