लीफ कर्लवरचा उतारा कपाशीच्याच पोटात

लीफ कर्ल लागलेले कपाशीचे पान उलटून पाहावे. शिरा जाड होऊन वर आलेल्या असतात, कडा मुरडलेल्या असतात आणि कधी कधी शिरेवर चिमुकले दुसरे पानच फुटलेले दिसते. झाड खुजे राहते, पाते कमी लागते, बोंडे भरत नाहीत. हा रोग विषाणूचा आणि तो विषाणू पांढरी माशी पसरवते. एकदा तो झाडात शिरला की त्यावर औषध नाही. पाकिस्तानात १९९१-९२ साली कापसाच्या सुमारे १ कोटी २८ लाख गाठी झाल्या होत्या. दोनच वर्षांत उत्पादन ८० लाखांच्या आसपास घसरले, त्याला मुख्यतः हा रोग कारण होता. १९९३ साली तो राजस्थानात श्रीगंगानगरला दिसला आणि पुढे पंजाब-हरियाणात पसरला.

फवारणीने माशी काही काळ आवरते, रोग जात नाही. खरा इलाज म्हणजे रोगाला दाद न देणारे वाण. असे वाण घडवणाऱ्या पैदासकारांच्या हाती आता कपाशीच्या संपूर्ण जीनोमचा नकाशा आला आहे.

हा नकाशा काढणे किचकट होते. आपल्याकडे सर्वत्र लावली जाणारी अमेरिकन कपाशी सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून जन्मली. एक जात आफ्रिका-आशियातल्या कपाशीच्या गोतातली, दुसरी अमेरिका खंडातली. दोघींचे जनुकसंच तिच्यात अजून शेजारी नांदतात: प्रत्येकीच्या १३ जोड्या, एकूण ५२ गुणसूत्रे. दोन्ही संच बरेच सारखे, त्यात निम्म्याहून अधिक भाग त्याच त्या तुकड्यांच्या पुनरावृत्तीचा. डीएनए शे-दोनशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचला की कुठला तुकडा कुठल्या संचातला, हेच कळेनासे होते. म्हणून संशोधकांनी आधी साध्या जाती घेतल्या. २०१२ साली पेरूतली रायमोंडी, २०१४ साली आपली देशी कपाशी आर्बोरियम आणि २०१५ साली अमेरिकन कपाशीचा टीएम-१ हा वाण वाचून झाला. आजची यंत्रे एका दमात पंधरा-वीस हजार अक्षरे वाचतात, त्यामुळे दोन्ही संच स्वच्छ वेगळे करता येतात.

यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीचे काम हातांचे असते. कोवळे पान खुडायचे, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलात त्याची पूड करायची. कपाशीच्या पानात गॉसिपॉल, फेनॉल आणि चिकट शर्करा भरपूर. जरा हयगय झाली की अर्क तपकिरी पडतो आणि त्यातला डीएनए वाचण्याजोगा राहत नाही.

नकाशाचा उपयोग कसा होतो ते करप्याच्या उदाहरणातून कळते. जिवाणूजन्य करप्याला रोखणारे बी-१२ हे जनुक आफ्रिकेतल्या एका वाणात सापडले. ते १४ व्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या शेजारच्या डीएनए खुणा माहीत झाल्यावर पैदासकाराला रोग पडण्याची वाट पाहावी लागत नाही. रोपाचे एक पान तपासले की ते ठेवायचे की उपटायचे हे ठरते. संकर मात्र आजही जुन्याच रीतीने होतो. संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या कळीचे पाकळ्या-पुंकेसर अंगठ्याच्या नखाने सोलून काढायचे, कळी झाकायची आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण तिच्यावर लावायचे.

लीफ कर्लने मात्र कठोर धडा शिकवला. कोइम्बतूरला तयार झालेल्या एलआरए ५१६६ आणि त्याच्यासारख्या मोजक्या वाणांचा प्रतिकार वापरून पाकिस्तानात नवे वाण आले. २००१ च्या सुमारास बुरेवाला भागात विषाणूचा नवा प्रकार उद्भवला आणि ते सगळे वाण बळी पडले. शत्रू रूप बदलत असेल तर एका जनुकावर भिस्त ठेवता येत नाही. एकाच वाणात अनेक जनुके आणावी लागतात. नुसत्या डोळ्यांनी हे साधणे जवळपास अशक्य, कारण एक जनुक असलेले आणि तीन असलेले झाड शेतात सारखेच निरोगी दिसते. फरक डीएनएच्या खुणाच दाखवतात.

पण खुणा शोधायला आधी प्रतिकारक झाड हवे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संग्रहातले हजारो नमुने पाकिस्तानातल्या रोगट शेतांत लावले, तेव्हा मॅक-७ हा नमुना तग धरून राहिला. आपल्या देशी कपाशीला तर हा रोग होतच नाही. विदर्भ-मराठवाड्यात अकोला आणि परभणीच्या विद्यापीठांनी तिचे सुधारित वाण जपले आहेत. तिच्यावर दहिया रोग पडतो, पण लीफ कर्लपुढे ती ताठ उभी राहते. तिची गुणसूत्रे २६ च असल्याने अमेरिकन कपाशीशी सरळ संकर केला तर पुढची पिढी वांझ निघते. गुणसूत्रे दुप्पट करून, पिढ्यान्‌पिढ्या परत संकर करत तिचा गुण आणावा लागतो. त्या वाटेवर नको ते तुकडे गाळायला जीनोमचा नकाशाच उपयोगी पडतो.

यंत्र प्रतिकार निर्माण करत नाही. जो आहे तो शोधून देते. म्हणून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतला सरकीचा संग्रह आणि तिच्या सिरसा केंद्रावरची, रोग मुद्दाम पडू दिलेली शेते यांचे मोल कुठल्याही सिक्वेन्सरइतकेच आहे. जुने देशी वाण शेतातून हद्दपार होत असताना त्यांचे बी जपणे आणि ते दर हंगामी रोगात लावून नोंदी ठेवणे, यावर सरकारने हात आखडता घेऊ नये. यंत्र पुढच्या वर्षीही विकत घेता येईल. नष्ट झालेला वाण कुठेच विकत मिळत नाही.