ग्रामीण महाविद्यालयातील पदार्थविज्ञान विभाग : ग्रिनेलचे उदाहरण

महाविद्यालयीन विज्ञानशिक्षणाची चर्चा निघाली की ग्रामीण भागातील विभागांच्या उणिवांची यादी प्रथम पुढे येते. उपकरणे अपुरी, ग्रंथसंग्रह तोकडा, अध्यापक मोजके आणि संशोधनाचे वातावरण दूरच्या शहरात. ही यादी खोटी नसते. परंतु अशा विभागाने नेमलेला पाठ्यक्रम पुरा करून विद्यार्थी पुढच्या पायरीवर पोचवावा, याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून करू नये, असा जो निष्कर्ष तिच्यावरून काढला जातो, तो मात्र तपासून घ्यावयास हवा. या दृष्टीने अमेरिकेच्या आयोवा राज्यातील ग्रिनेल महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागाचा इतिहास उद्बोधक आहे. एकात्मिक मंडलाच्या, म्हणजेच आज ज्याला सर्वत्र ‘चिप’ म्हणतात त्या वस्तूच्या दोन जनकांपैकी एक, रॉबर्ट नॉइस, हा या विभागाचा विद्यार्थी. त्याच्या विद्यार्थिदशेविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. परंतु ती ज्या गोष्टीला श्रेय देते, तिला ते जात नाही.

आयोवा हे मक्याच्या शेतीचे व डुकरे पोसण्याचे राज्य. त्याच्या मध्यभागी, डे मॉइन या राजधानीच्या पूर्वेस, ग्रिनेल हे गाव १८५४ मध्ये जोसाया ग्रिनेल या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने वसविले. महाविद्यालय त्याहूनही जुने. काँग्रिगेशनल पंथाच्या धर्मोपदेशकांनी ते १८४६ मध्ये डॅव्हनपोर्ट येथे ‘आयोवा कॉलेज’ या नावाने स्थापिले आणि पुढे १८५९ च्या सुमारास ते ग्रिनेल येथे हलविण्यात आले. १७ जून १८८२ रोजी झालेल्या चक्रीवादळात महाविद्यालयाच्या इमारती जमीनदोस्त झाल्या. त्या पुन्हा उभाराव्या लागल्या. १९०९ मध्ये संस्थेने गावाचेच नाव धारण केले. १९४० मध्ये गावाची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास होती. सभोवार शेते, आणि संशोधनाची मोठी केंद्रे शेकडो मैल दूर, अशी ही जागा.

ज्या वर्षी महाविद्यालयाचे नाव बदलले त्याच वर्षी, १९०९ मध्ये, ऑलिव्हर बकली हा आयोवाचाच एक तरुण तेथून पदवीधर झाला. पुढे कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन तो वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनविभागात गेला. अत्यल्प दाब मोजण्याचा आयनीकरणमापक ही त्याची प्रसिद्ध कामगिरी. १९४० ते १९५१ या काळात बकली हे बेल प्रयोगशाळांचे अध्यक्ष होते. घनस्थितिविज्ञानातील संशोधनासाठी अमेरिकन फिजिकल सोसायटी जे पारितोषिक देते, त्याला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. १९५३ चे पहिले पारितोषिक विल्यम शॉक्ली यांना मिळाले. शॉक्ली यांचे नाव या कथेत पुन्हा यावयाचे आहे.

१९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ग्रँट गेल हे या विभागात अध्यापक म्हणून आले आणि त्यांनी आपले उर्वरित आयुष्य तेथेच घालविले. त्यांचे शिक्षण विस्कॉन्सिन विद्यापीठात झाले होते, आणि त्याच विद्यापीठातील जॉन बार्डीन यांच्याशी त्यांचा त्या दिवसांपासून परिचय होता. गेल यांच्या नावावर एखादा सिद्धान्त किंवा परिणाम नाही. ते अध्यापक होते. परंतु पाठ्यपुस्तक हीच आपल्या विषयाची सीमा आहे असे त्यांनी मानले नाही, आणि गावात वाढणारी मुले ही महाविद्यालयाची उद्याची विद्यार्थी आहेत हेही ते विसरले नाहीत.

अशा मुलांपैकी एक रॉबर्ट नॉइस. त्याचा जन्म १२ डिसेंबर १९२७ चा, आयोवातीलच बर्लिंग्टन येथला. वडील काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक. १९४० मध्ये हे कुटुंब ग्रिनेल येथे राहावयास आले. त्याच उन्हाळ्यात बारा वर्षांच्या रॉबर्टने आपल्या भावाच्या साह्याने माणूस बसू शकेल असे हवेत तरंगणारे विमान तयार केले आणि महाविद्यालयाच्या तबेल्याच्या छपरावरून त्यातून उडी घेतली. हातांची ही हौस गेल यांच्या वर्गात शिस्तीला लागली. शाळेच्या अखेरच्या वर्षी असतानाच त्याला महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या वर्गात बसण्याची मुभा मिळाली, आणि शाळा संपल्यावर तो त्याच महाविद्यालयात दाखल झाला.

त्या काळात दूरध्वनी, रेडिओ व रडार या साऱ्यांचा कारभार निर्वात नळ्यांवर चालत असे. या नळीत तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि मधल्या जाळीवरील लहानशा विद्युत्‌दाबाने त्यांचा प्रवाह नियंत्रित करता येतो. क्षीण संकेताचे विवर्धन होते ते यामुळे. परंतु ऋणाग्र तापविण्यात ऊर्जा खर्च होते, नळी गरम होते, जागा व्यापते आणि कालांतराने निकामी होते. बेल प्रयोगशाळांत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी १६ डिसेंबर १९४७ रोजी हेच कार्य घनपदार्थात घडवून आणले. जर्मेनियम या अर्धसंवाहकाच्या तुकड्यावर त्यांनी सोन्याच्या वर्खाची दोन टोके टेकविली. त्या टोकांमधील अंतर मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतके होते. एका टोकातून जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, म्हणजे धन विद्युत्‌भाराप्रमाणे वागणाऱ्या पोकळ्या, शिरतात. त्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचल्या म्हणजे तेथील प्रवाह बदलतो. अशा रीतीने पहिल्या मंडलातील दुर्बल संकेत दुसऱ्या मंडलात बलवान होऊन प्रकटतो. तापविणे नाही, निर्वात नाही, काचेची नळीही नाही. ३० जून १९४८ रोजी न्यूयॉर्क येथे या शोधाची जाहीर घोषणा झाली. न्यूयॉर्क टाइम्सने ती दुसऱ्या दिवशी रेडिओविषयक स्तंभात अवघ्या काही ओळींत छापली.

ही वार्ता वाचून पान उलटणारे वाचक पुष्कळ असतील. गेल यांनी पान उलटले नाही. शोध लावणाऱ्यांत आपला परिचित बार्डीन आहे आणि ज्या प्रयोगशाळेत तो लागला तिचा अध्यक्ष आपल्याच महाविद्यालयाचा पदवीधर आहे, या दोन गोष्टी त्यांच्या तत्काळ ध्यानात आल्या. त्यांनी त्या दिशेने लेखणी उचलली व ट्रान्झिस्टरची मागणी केली.

येथे आख्यायिका सुरू होते. टॉम वुल्फ यांनी १९८३ मध्ये एस्क्वायर मासिकात नॉइसवर लिहिलेला लेख अतिशय गाजला. त्यानुसार जगातील पहिल्या ट्रान्झिस्टरांपैकी दोन गेल यांच्या हाती आले आणि त्यांच्या साह्याने त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घनस्थिति-इलेक्ट्रॉनशास्त्राचे पहिले पाठ दिले. ही कथा मोहक आहे. परंतु लेस्ली बर्लिन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नॉइसच्या साधार चरित्रातून निराळे चित्र उभे राहते. नॉइस शिकत असताना ग्रिनेलला आली ती प्रत्यक्ष वस्तू नव्हे. बेल प्रयोगशाळांच्या तांत्रिक पुस्तिका आल्या. ट्रान्झिस्टर पोचला तो त्यानंतर.

हा फरक किरकोळ नाही. दोन दुर्मीळ ट्रान्झिस्टर मिळाल्यामुळे एक छोटा विभाग मोठा झाला असे म्हटले, की त्याचे यश दैवयोगाचे व उपकरणाचे ठरते. ज्या विभागाला असे घबाड मिळत नाही, त्याने मग हात जोडून बसावे. परंतु मिळाला तो छापील कागद असेल, आणि तो एका पत्राच्या मोबदल्यात मिळाला असेल, तर प्रश्न उपकरणाचा राहत नाही. वाचण्याचा व विचारण्याचा होतो.

या पुस्तिका नॉइसच्या हाती पडण्याची वेळ जवळजवळ टळली होती. १९४८ च्या वसंतात वसतिगृहातील एका मेजवानीसाठी त्याने व त्याच्या एका मित्राने जवळच्या शेतावरून सुमारे पंचवीस पौंडांचे डुकराचे पिल्लू पळविले. दुसऱ्या दिवशी दोघे आपण होऊन मालकाकडे गेले आणि त्यांनी किंमत देऊ केली. तरीही प्रकरण मिटले नाही. शेतीप्रधान आयोवात पशुचोरी हा गंभीर गुन्हा होता, आणि महाविद्यालयातून कायमचे काढून टाकण्याची भाषा सुरू झाली. त्या वेळी गेल आणि महाविद्यालयाचे अध्यक्ष सॅम्युएल स्टीव्हन्स यांनी मध्यस्थी केली. शिक्षा झाली, पण ती एका सत्राच्या निलंबनाची. ते सत्र नॉइसने न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीत आकडेमोडीचे काम करून काढले आणि १९४९ च्या जानेवारीत तो परतला. ट्रान्झिस्टरची घोषणा झाली होती ती या दोन घटनांच्या मधल्या काळात.

म्हणजे विद्यार्थ्यापाशी उरले होते अवघे एक सत्र. विभागात या विषयाचा तज्ज्ञ कोणी नव्हता. तसा तो त्या काळी बहुतेक विद्यापीठांतही नव्हता. गेल यांनी आपण सारे जाणतो असा आव आणला नाही. गुरू आणि शिष्य दोघे मिळून तो नवा विषय वाचू लागले. निर्वाताशिवाय विवर्धन होऊ शकते या कल्पनेने आपल्याला जबर धक्का दिला, असे नॉइसने पुढे सांगितले आहे. त्या वर्षी तो पदार्थविज्ञान व गणित या विषयांत पदवीधर झाला.

यानंतर तो मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत गेला. तेथे लहान महाविद्यालयाच्या शिक्षणाच्या दोन्ही बाजू उघड झाल्या. सैद्धान्तिक पदार्थविज्ञानातील त्याची तयारी मोठ्या विद्यापीठांतून आलेल्या सहाध्यायांच्या तुलनेने कमी पडली, आणि ती त्याला कष्टाने भरून काढावी लागली. विभागाची ही उणीव झाकण्याचे कारण नाही. परंतु ट्रान्झिस्टर हा विषय त्या नामांकित संस्थेच्या अभ्यासक्रमातही अद्याप रुळला नव्हता, आणि त्यात मात्र तो इतरांच्या पुढे होता. १९५३ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली ती विसंवाहकांच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन-अवस्थांच्या प्रकाशविद्युत् अभ्यासावर. पृष्ठभागावरील अवस्थांचा हाच प्रश्न बेल प्रयोगशाळांना ट्रान्झिस्टरच्या वाटेवर भेडसावत आला होता.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १९५६ मध्ये नॉइस कॅलिफोर्नियात शॉक्ली यांच्या प्रयोगशाळेत गेला. १९५७ मध्ये सात सहकाऱ्यांसह तेथून बाहेर पडून त्याने फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही संस्था उभारली. जाँ हर्नी यांच्या समतल प्रक्रियेत सिलिकॉनवरील ऑक्साइडचा थर संरक्षक म्हणून तसाच राखला जाई. त्याच थरावरून धातूच्या रेषा नेऊन सारे घटक एकाच तुकड्यात जोडता येतील, ही कल्पना नॉइसने १९५९ च्या जानेवारीत आपल्या वहीत नोंदविली. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधील जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये स्वतंत्रपणे एकात्मिक मंडल सिद्ध केले होते. नॉइसचा मृत्यू ३ जून १९९० रोजी झाला. किल्बी यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००० मध्ये.

महाविद्यालयाशी त्याचे नाते तुटले नाही. तो त्याच्या विश्वस्तांपैकी एक झाला, आणि १९६८ मध्ये त्याने गॉर्डन मूर यांच्यासह इंटेल कंपनी स्थापन केली तेव्हा महाविद्यालयाचा निधी व दोन विश्वस्तांनी त्यासाठी दिलेली रक्कम मिळून तीन लाख डॉलर तिच्यात गुंतविण्यात आले. ही गुंतवणूक अनेक पटींनी फलदायी ठरली. ज्या विद्यार्थ्याला एकदा घालवून देण्याची वेळ आली होती, त्याच्याकडून संस्थेला हा परतावा मिळाला. आज तेथील विज्ञानभवनाला नॉइसचे नाव आहे, आणि १९८४ मध्ये उभारलेल्या वेधशाळेला ग्रँट गेल यांचे.

या उदाहरणावर एक आक्षेप घेता येईल. एका असामान्य विद्यार्थ्यावरून विभागाची थोरवी सिद्ध होत नाही, आणि बार्डीन यांच्यासारखा परिचित प्रत्येक अध्यापकाला लाभत नाही. हा आक्षेप रास्त आहे. नॉइसची बुद्धी गेल यांनी निर्माण केली नव्हती, आणि त्यांचा परिचयही योगायोगाचाच होता. परंतु वर्तमानपत्रातील चार ओळींचे महत्त्व ओळखणे, पत्र लिहिणे, आलेला मजकूर कपाटात न ठेवता विद्यार्थ्याच्या हाती देणे, आणि त्याच्याबरोबर स्वतः पुन्हा विद्यार्थी होणे, यांपैकी कोणतीही गोष्ट योगायोगाची नव्हती. पदवीधरांची आठवण ठेवणे हेही विभागाच्या हातचेच होते. बकली यांना ग्रिनेल सोडून चाळीस वर्षे होत आली होती, तरी ते आपले आहेत याचे विस्मरण विभागाला झाले नव्हते.

म्हणून ग्रामीण महाविद्यालयातील विभागाचे मोजमाप करताना उपकरणांच्या नोंदवहीबरोबर आणखी काही प्रश्न विचारले पाहिजेत. विभागातील अध्यापक पाठ्यक्रमाबाहेरचे काय वाचतात? गेल्या काही वर्षांत कोणाकोणाला त्यांनी पत्रे लिहिली? तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठे आहेत, हे विभागाला ठाऊक आहे काय? आणि चुकलेल्या परंतु गुणी विद्यार्थ्यासाठी अध्यक्षांच्या दारी जावयास तेथे कोणी तयार असतो काय? या प्रश्नांच्या उत्तरांसाठी अनुदान मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. ग्रिनेलच्या विभागाने त्यांची उत्तरे दिली तेव्हा त्याच्यापाशी एकही ट्रान्झिस्टर नव्हता.